करवंदी नख

चिकू हे फळ घुमं. आंबा तयार झाला की वास सोडून गावभर सांगत सुटतो, केळं पिवळं पडतं, पेरू पोपटांना बोलावतो. चिकू कच्चा असतो तेव्हाही मातीच्या रंगाचा आणि तयार होतो तेव्हाही मातीच्याच. त्याच्या पोटात काय चाललंय हे कळायला एकच उपाय. अंगठ्याचं नख लावायचं आणि साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर स्वारी अजून झोपलीय, राहू द्या. पिवळसर दिसलं तर काढा.

बोर्डीला रामनाथ राऊतांच्या वाडीत हे नख त्यांच्या सुनेचं होतं, चंद्रावतीचं. ती झाडांखालून चालायची, हाताला लागेल त्या चिकूवर नख ओढायची आणि म्हणायची, "ही फांदी काढा." मग शुक्री आणि तिच्याबरोबरच्या बाया जाळीच्या काठ्या घेऊन त्या फांदीला भिडायच्या. "राहू द्या" म्हटलं की फांदी राहायची. घरात आमटीत चिंच किती घालू हेसुद्धा चंद्रावतीला सासूला विचारावं लागे, पण वाडीत तिच्या अंगठ्यावर व्यापाऱ्याचा ट्रक थांबायचा.

हे काम आधी सासूचं होतं. गोदूबाईंची नखं म्हातारपणी मऊ पडली तेव्हा त्यांनी ते सुनेच्या हाती सोपवलं. कपाटाची किल्ली देताना माणूस जसा घुटमळतो तशा घुटमळत. आणि एक अट घातली.

"नख म्हणजे आपला कोयता गो. कोयत्याला कोणी रंग लावतं का? त्या नाटकातल्या बायांसारखा ज्या दिवशी नखाला रंग दिसेल, त्या दिवशी तुझी वाडी बंद. चूल आणि तू."

अट घालायला कारण होतं. डहाणूला एका इराण्याच्या वाडीत नवी कलमं बघायला रामनाथ गेले होते तेव्हा सून बरोबर होती. इराण्याची बायको चहात साखर ढवळत होती आणि चंद्रावती साखरेकडे नाही, कपाकडे नाही, बाईच्या नखांकडे टक लावून बघत बसली होती. पिकलेलं करवंद फोडलं की आत जो रंग दिसतो ना, अगदी तो. रामनाथांनी घरी येऊन कलमांबद्दल काहीच सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की त्या नखांपायी सुनेने चहा गार केला.

चंद्रावतीचा नवरा दौलत तलासरीला मास्तर. आठवडाभर तिकडे, शनिवारी घरी. उन्हाळ्यात त्याला कसल्याशा ट्रेनिंगसाठी मुंबईला जायचं होतं, तेव्हा तिने त्याला रंग समजावला. पण दौलतला लाल म्हणजे लाल. मास्तरच तो, त्याने उपाय काढला. एक करवंद रुमालावर चिरडलं आणि तो डाग घेऊन मुंबईतली दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने विचारलं, "मास्तर, नाक फुटलंय का?" पण रंग मिळाला. हुबेहूब मिळाला.

बाटली आली आणि चंद्रावतीची झोप गेली. ठेवायची कुठे? गोदूबाईंचे गुडघे दुखायचे, त्या वाकत नसत. म्हणून चुलीमागच्या खालच्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीमागे तिने बाटली दडवली. तिथे तो करवंदी रंग पावसाळाभर आणि दिवाळीभर चुलीची धग खात बसला.

आता माघ लागला होता. शनिवारी तलासरीला दौलतच्या जोडीदार मास्तरांच्या बहिणीचं लग्न होतं आणि दोघंच जाणार होते. सासू बघायला नाही, वाडी बघायला नाही. एसटीत बसल्यावर नखं रंगवायची, परतताना कशीतरी काढून टाकायची, असा चंद्रावतीचा बेत. पण रंग आपल्याला शोभतो की नाही हे आधी लावून बघायला नको? इराणीण गोरीपान, आपण चिकूसारख्या.

संधी चालून आली. गोदूबाई बहिणीकडे झाईला दोन दिवस राहायला गेल्या. रामनाथ पाटाचं पाणी सोडायला वाडीत. चंद्रावतीने दाराला कडी घातली, बरणीमागून बाटली काढली, दाताने झाकण फिरवलं. आत बघते तर रंगाचा गूळ झालेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चिकू-फणसाच्या घरात काहीही चिकटलं की एकच औषध, खोबरेल. हाताला चीक लागला, लाव खोबरेल. कुलूप अडकलं, घाल खोबरेल. अंगठी बोटात रुतली, खोबरेल. चंद्रावतीने बाटलीत बोटभर खोबरेल ओतलं आणि हेअरपिनने ढवळलं. गूळ वितळला. तिला वाटलं, किती सोपं!

तिने दहाही नखं रंगवली. खिडकीशी जाऊन हात उन्हात धरले. ती नखं इतकी सुंदर दिसत होती की हात खाली घ्यावेसे वाटेनात. हे हात आपले? हे भांडी घासतात?

"पाच मिनिटांत वाळतो," असं दौलतने सांगितलं होतं. पाच मिनिटं झाली. तिने फुंकर मारली. सूप घेऊन वारा घातला. चुलीपुढे हात धरले. रंग काही वाळेना. तेल घातलेला रंग जन्मात वाळत नाही, हे तिला कोण सांगणार?

तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक.

"चंद्रे! ए चंद्रे! दार का लावलंस गो भरदुपारी?"

गोदूबाई. चंद्रावतीने पायाने बाटली कोनाड्यात ढकलली, हात पदरात गुंडाळले आणि कोपराने कडी काढली.

दारात गवताने भरलेली बैलगाडी उभी होती आणि गवताच्या ढिगावर, हत्तीवर बसावं तशा, गोदूबाई. दोन माणसांनी मिळून त्यांना खाली उतरवलं.

"एसटी बंद पडलीय म्हणे आगरला. मेली ती एसटी. म्हटलं गवताच्या गाडीतून जाईन. तो चिकूवाला ठाकोरभाई झाईला भेटला. म्हणतो, काकी, ट्रक शुक्रवारी नाही, आजच पाठवतो. चल, वाडीत चल. पण त्या आधी माझी पाठ खाजव. गवताने नुसती आग आग झालीय."

"आत्याबाई, मी... पाणी देते आधी."

"पाणी राहू दे. खाजव!" म्हणत गोदूबाई ओटीवर तिच्याकडे पाठ करून बसल्या आणि चोळी वर सरकवली.

चंद्रावतीने देवाचे आभार मानले. पाठीला डोळे नसतात. तिने उजवा हात पदरातून बाहेर काढला आणि पाची बोटांनी वरपासून खालपर्यंत नखं ओढली.

"हां... जरा जोरात... बस्स. बस्स. गुणाची गो माझी."

वाडीत चंद्रावतीचा जीव मुठीत नव्हता, नखांत होता. गोदूबाई सावलीत टोपल्या मोजत बसल्या होत्या. चंद्रावती त्यांच्याकडे पाठ ठेवून, हात फांद्यांत खुपसून, चिकूमागून चिकू खरवडत होती. अंगठ्याने, तर्जनीने, मिळेल त्या बोटाने. चिकूची झाडं दाट, खाली अंधारी. तिला दिसत होतं ते एवढंच, की एकेका चिकूबरोबर नखं साफ होत चाललीत. ती आणखी जोरात खरवडायला लागली. रंग जातोय हे तिला दिसत होतं. कुठे जातोय हा प्रश्न तिला सुचला नाही.

"वयनी, आज लय नख मारता," शुक्री म्हणाली. "सगली वाडी सोलता का?"

"तू काठी धर गपचूप."

ट्रक भरून गेला. संध्याकाळी चंद्रावतीने दिव्यापाशी हात धरले. चीक, माती, आणि कडेला किंचित लाली, बाकी काही नाही. सुटले, ती म्हणाली. त्या रात्री ती गाढ झोपली. पुढचे काही दिवस तिला झोप मिळायची नव्हती, त्यामुळे झोपली ते बरंच झालं.

सकाळी ठाकोरभाई दारात उभा. हा घोलवडचा चिकूचा व्यापारी, गुजराती, बोलायला गोड, भाव करायला आंबट. आज त्याचा चेहरा उतरला होता. हातात टोपली.

"रामनाथभाई, आ शुं छे? हे काय झालंय, बघा तुम्हीच."

टोपलीतल्या चिकूंवर लाल रेघा होत्या. चीक आणि रंग मिळून रात्रभरात काळपट लाल झालेल्या, जणू फळाला कोणी वळ उठवलेत.

रामनाथांनी एक चिकू उचलला, हुंगला, परत ठेवला. मग सगळे वाडीत गेले. झाडांवर राहिलेल्या चिकूंवरही त्याच रेघा. एका झाडावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. ही तीन झाडं विहिरीजवळची, वाडीतली सगळ्यात जुनी, गोदूबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी लावलेली.

"रोग!" ठाकोरभाई म्हणाला आणि टोपली अंगापासून लांब धरली.

चंद्रावती झाडाला टेकली. तिला आता कळलं रंग कुठे गेला ते. मामंजी, तो रोग नाही, माझं नख आहे, एवढं एक वाक्य. ते जिभेवर आलंसुद्धा. पण त्या वाक्याच्या पलीकडे चूल दिसत होती. आयुष्यभर चूल. तिने वाक्य गिळलं.

तेवढ्यात घराकडून किंकाळी आली. शेजारची नर्मदा गोदूबाईंच्या पाठीला तेल चोळायला आली होती, कारण गवताची आग अजून होत होती. दारातली टोपली तिने येताना बघितलीच होती. चोळी वर केली आणि नर्मदा ओरडली. पाठीवर पाच रेघा. लाल. एकीला एक समांतर.

"आत्या, तुम्हाला झाडाचा रोग झालाय!"

"मला काही होत नाही गो."

"दिसत नाही म्हणून! आतून आल्यात. बघा ना कशा ओळीने आल्यात!"

गोदूबाईंना पाठ दिसत नव्हती. न दिसणाऱ्या गोष्टीला माणूस जास्त घाबरतो. त्या अंथरुणावर पालथ्या झोपल्या आणि म्हणाल्या, "दौलतला निरोप धाडा."

रामनाथांनी दौलतला नाही, आधी शेतकीच्या साहेबांना निरोप धाडला. साहेबांचं नाव सबनीस. मुक्काम जवळच, सरकारी बंगल्यात. पांढरा स्वच्छ बुशशर्ट, खिशात भिंग. नोकरीत इतकी वर्षं झाली पण अजून एकही नवा रोग त्यांच्या हाती लागला नव्हता. ते उद्या येणार असं कळलं.

उद्यापर्यंत चंद्रावतीकडे वेळ होता. पहाटे उठून ती रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊन विहिरीजवळच्या झाडांखाली गेली. दौलतने म्हटलं होतं, रंग काढायचं वेगळं औषध असतं, रॉकेलसारखा उग्र वास येतो त्याला. वास सारखा तर गुणही सारखा असणार. तिने एक चिकू पुसला. रेघ गेली नाही, रेघेचा पट्टा झाला. दुसरा पुसला, तो अर्धा लाल झाला. तिसराही तसाच झाला. ती फडकं विहिरीमागे टाकून पळाली.

घरी येऊन सासूच्या पाठीला म्हणून खोबरेल चोळलं, निदान तिथला तरी पुरावा जाईल. तेलाने रेघा फुलल्या, एकमेकींत मिसळल्या. तेवढ्यात नर्मदा पेज घेऊन आली आणि तिने बघितलं.

"पसरला गो बाय! काल बोटाएवढा होता, आज तळव्याएवढा झाला!"

सबनीससाहेब आले ते नाकावर रुमाल धरून. झाडांभोवती फिरले. भिंगातून चिकू बघितला. मग नाकावरचा रुमाल काढून चिकू हुंगला आणि त्यांचे डोळे चमकले.

"लिहून घ्या. सदर रोगास रॉकेलसारखा दर्प आहे."

लिहून घ्यायला कोणी नव्हतं, त्यांनी स्वतःच लिहून घेतलं.

"साहेब, कुठून आला हा रोग?" रामनाथांनी विचारलं.

मुंबई राज्याचे दोन तुकडे होऊन वर्षही झालं नव्हतं. झाईच्या पलीकडे आता दुसरं राज्य. सबनीसांनी उत्तरेकडे हात केला. "वारा तिकडूनच वाहतो ना सध्या? सीमेपलीकडून आला."

"ओ साहेब," ठाकोरभाई उखडला, "रोगसुद्धा आमचाच का? भाषा वेगळी झाली, मान्य. रोग इथला हाय, तुमच्या जमिनीतला."

"चौकशी होईल," साहेब म्हणाले. मग त्यांना ओटीवर नेऊन गोदूबाईंची पाठ दाखवली. पाच पावलांवरूनच त्यांनी बघितली आणि दोन पावलं मागे सरले. "स्पर्शाने होतो! झाडातून माणसात! असं आजवर झालं नव्हतं." त्यांचा आवाज घोगरा झाला. भीतीने की आनंदाने, ते कळायला मार्ग नव्हता. "याला नाव द्यावं लागेल. सबनीस रेघ, कसं वाटतं?"

कोणालाच काही वाटलं नाही.

"पाठीला पाणी लावू नका. आणि ज्या झाडावर रेघ, ते झाड तोडायचं आणि जाळायचं. उद्या माणसं घेऊन येतो. ज्याला रेघ, त्याला ठेवायचं नाही, हा नियम."

"मग माझी बायको?" रामनाथांनी शांतपणे विचारलं.

साहेब जरा विचारात पडले. "त्यांना वेगळं ठेवा."

चंद्रावती दाराआड उभी होती. तोडायचं. विहिरीजवळची तिन्ही. वाडी बंद होईल म्हणून ती गप्प बसली होती आणि गप्प बसल्याने आता वाडीच तुटणार होती. ती सरळ सासूकडे गेली आणि अंथरुणाजवळ बसली.

गोदूबाईंचं एकंदर बरं चाललं होतं. जन्मात त्यांना कोणी इतकं विचारलं नव्हतं. अर्धी बोर्डी दारावरून डोकावून गेली होती. नर्मदाची पेज, कोणाचे घावन, कोणाचं शहाळं, एकीने तर घरी जपून ठेवलेली सुकी कोलंबी आणून दिली होती. ज्या जावेशी बारा वर्षं अबोला, ती दारात उभी राहून रडून गेली.

"आत्याबाई," चंद्रावती म्हणाली, "तुम्हाला काही झालेलं नाही."

"माहीत आहे गो, धीर देतेस. माझी नथ तू घे. नर्मदेला मोठं पातेलं दे, ती सारखी मागते. वाडीचं नख तर तुला आधीच दिलंय."

"तो रोग नाही. माझ्या नखांचा रंग आहे. मी... मी लावला होता. त्या दिवशी. पाठ खाजवली तेव्हा ओला होता."

गोदूबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. चंद्रावतीने डोळे मिटले, आता बसणार म्हणून.

"दाखव हात."

तिने हात पुढे केले. स्वच्छ. राख घासून घासून नखं पांढरीफेक.

"कुठाय रंग? वेडे, माझ्यासाठी खोटं बोलतेस! माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून स्वतःवर आळ घेतेस!" गोदूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दाराशी आलेल्या नर्मदेला हाक मारली. "नर्मदे, बघितलंस का? अशी सून मिळायला पुण्य लागतं. जा गो, शहाळं फोडून आण मला."

खरं बोललं तर मार बसेल ही भीती चंद्रावतीला ठाऊक होती. खरं बोललं तर शाबासकी मिळेल ही भीती नवीन होती आणि जास्त वाईट होती.

दुसऱ्या दिवशी सबनीससाहेब दोन कुऱ्हाडवाले घेऊन आले. वाडीत गाव जमला. ठाकोरभाईसुद्धा आला, झाड पडताना बघायला कोणाला आवडत नाही? रामनाथ विहिरीच्या काठावर बसून होते. त्यांनी काल रात्रीपासून विडी पेटवली नव्हती.

"साहेब!" चंद्रावती पुढे झाली. पदर घट्ट खोचलेला. "तो रोग नाही. माझ्या नखांचा रंग आहे."

गर्दीत खसखस पिकली. साहेब हसले, शाळेतल्या मुलीला हसावं तसे. "ताई, हे शास्त्र आहे. तुम्ही घरात जा. आजारी माणसाकडे बघा."

"थांबा."

ती धावत गेली, धावत आली. हातात बाटली. सगळ्यांच्या देखत तिने दाताने झाकण काढलं आणि उजव्या हाताची पाची नखं रंगवली. घाईत बोटंही रंगली. मग फांदीवरचा एक स्वच्छ चिकू धरून तिने नख ओढलं. लाल रेघ.

साहेबांनी भिंग काढलं, चिकू बघितला, भिंग ठेवलं.

"हा चिकू आधीच बाधित होता."

"अहो, तुमच्यासमोर ओढली मी!"

"रोग आत होता. नखाने फक्त बाहेर आला. माझा अहवाल वर गेलाय, ताई." मग त्यांनी कुऱ्हाडवाल्याला खूण केली. "घाल."

कुऱ्हाड वर गेली.

त्या क्षणी चंद्रावतीने जे केलं त्याची चर्चा बोर्डीत पुढे कित्येक वर्षं चालली. तिने परपुरुषाचा हात धरला. सबनीससाहेबांचा उजवा हात, कोपराखालून, घट्ट. आणि कोपरापासून मनगटापर्यंत पाची नखं ओढली.

गोऱ्या हातावर पाच लाल रेघा. एकीला एक समांतर.

शुक्रीने तोंडात पदर कोंबला. कुऱ्हाडवाल्याने झाडाकडे बघितलं, मग साहेबांच्या हाताकडे बघितलं आणि कुऱ्हाड तशीच वर धरून विचारलं, "साहेब, आता आधी कोणाला?"

विहिरीच्या काठावरून रामनाथ उठले. हा माणूस दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा. "साहेब, नियम काय म्हणाला होतात तुम्ही? ज्याला रेघ, त्याला ठेवायचं नाही."

"अहो, हे... हे वेगळं आहे!"

"वेगळं ठेवायचं का मग? गोठा रिकामा आहे."

साहेबांनी रुमालाने हात पुसला. रेघा पसरल्या. विहिरीवर जाऊन पाणी ओतलं, तेलावरून पाणी घसरून गेलं. "जात नाहीये! ओ ताई, जात नाहीये हे!"

"दोन-तीन दिवस राहतं," चंद्रावती म्हणाली. "आत्याबाईंचंसुद्धा राहिलंय."

"कोणाचं काय राहिलंय?"

सगळ्यांनी मागे बघितलं. वाडीच्या वाटेवर गोदूबाई उभ्या होत्या. अंगावर घोंगडी, हातात अर्धं शहाळं. विहिरीजवळची झाडं तोडायला आलेत हे ऐकून मरायचं राहिलं बाजूला, त्या उठून आल्या होत्या. त्यांनी साहेबांचा हात बघितला. मग सुनेची नखं बघितली. मग आपल्या खांद्यावरून मागे हात नेऊन पाठीला बोट लावलं, ते समोर आणून बघितलं. करवंदी.

नर्मदेने हळूच विचारलं, "आत्या, म्हणजे पातेलं आता नाही मिळायचं?"

"तू गप बस!" गोदूबाई गरजल्या. मग कुऱ्हाडवाल्याकडे वळल्या. "खाली कर ती कुऱ्हाड. माझ्या हाताने लावलेलं झाड आहे ते. दौलतच्या आधीचं."

कुऱ्हाड खाली आली, जमिनीवर.

सबनीससाहेबांनी जाता जाता वहीत लिहिलं की रोग आटोक्यात आला असून वाऱ्याची दिशा बदलल्याने तो सीमेपलीकडे परत गेला.

"पुन्हा आमच्याकडेच?" ठाकोरभाई म्हणाला. पण टोपलीतला एक रेघेचा चिकू त्याने पुसून खाल्ला आणि दुसराही उचलला.

गाव पांगला. चंद्रावती झाडाखाली उभी राहिली, हात पदरात न लपवता. लपवायला आता काही उरलं नव्हतं. चूल, ती मनात म्हणत होती. आजपासून चूल.

गोदूबाई विहिरीच्या काठावर बसल्या. शहाळ्यातलं उरलेलं पाणी प्यायल्या. घाई केली नाही.

"चार दिवस मला मारलंस."

"हो आत्याबाई."

"काल खरं सांगत होतीस तर."

"हो."

"मग ओरडून सांगायचं! मी म्हातारी, मला काय कळतं? माझी नथ गेली असती हातची." त्यांनी शहाळं बाजूला ठेवलं. "इकडे ये. दाखव."

चंद्रावतीने उजवा हात पुढे केला. रंग फासलेला, बोटांवर पसरलेला. गोदूबाईंनी तो धरला, उन्हाकडे वळवला, डोळे बारीक केले. वाडीत काठ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. शुक्री लांबून ओरडून विचारत होती, "वयनी, ही फांदी काढू का राहू दे?"

चंद्रावतीने सासूकडे बघितलं. उत्तर द्यायचं की नाही, हे तिला कळेना.

"बोल ना," गोदूबाई म्हणाल्या. "फांदी तुला विचारतेय, मला नाही."

चंद्रावती त्या फांदीपाशी गेली. नख लावणार तोच थांबली. उजवी नखं अजून ओलीच. मग तिने डाव्या हाताचा कोरा अंगठा चिकूवर ओढला. पिवळसर.

"काढा!" ती ओरडली.

"हे असं कर," मागून गोदूबाई म्हणाल्या. "उजवा हात वाडीचा, तो कोरा ठेव. डाव्याला काय फासायचं ते फास. लग्नाला जाणार आहेस ना शनिवारी? आणि दौलतला सांग, हा रंग भडक आहे. पुढच्या वेळी जरा फिका आण म्हणावं. जांबाचा गुलाबी असतो ना, तसा."

चंद्रावतीला रडावं की हसावं ते कळेना, म्हणून तिने आणखी एक फांदी काढायला लावली.

शनिवारी सकाळी ती डावा हात अंगापासून लांब धरून ओटीवर बसली होती. एसटी यायला वेळ होता. पाची नखं करवंदी, अजून ओलीच. गोदूबाई आतून आल्या, तिच्यासमोर पाठ करून बसल्या आणि चोळी वर सरकवली.

"पाठ खाजव गो. उजव्या हाताने."